मिठाच्या पाण्यापासून लिथियमच्या सेलपर्यंत : आयनांची वाहकता स्वतः मोजण्याची रीत

मल्टिमीटर ओहमच्या खुणेवर ठेवून त्याचे दोन्ही प्रोब मिठाच्या पाण्यात बुडवले, तर आकडा एका जागी थांबत नाही. तो चढत राहतो, आणि प्रोबची अदलाबदल केली की एकदम खाली येऊन पुन्हा चढू लागतो. मी पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा मीटर बिघडला असे समजून त्याची बॅटरी बदलली होती. मीटरमध्ये दोष नव्हता. तांब्याच्या तारेसाठी जो प्रश्न बरोबर आहे, तोच प्रश्न त्या पाण्याला विचारला जात होता, आणि पाण्यातील वहन तारेतील वहनासारखे नसल्यामुळे उत्तर ठरत नव्हते. मिठाच्या पाण्याचा रोध नीट कसा मोजावा, त्यावरून आयनांबद्दल काय कळते आणि तेच मोजमाप बॅटरीच्या आतील वहन समजून घेण्यास कसे उपयोगी पडते, हे येथे क्रमाने सांगतो.

मीटर का चुकतो

तारेत विद्युतधारा वाहून नेण्याचे काम मोकळे इलेक्ट्रॉन करतात. पाण्यात मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तेथे प्रभार वाहून नेतात ते आयन, म्हणजे मिठाच्या बाबतीत धनप्रभारित सोडियम आणि ऋणप्रभारित क्लोराइड. विभवांतर लावले की सोडियम ऋण टोकाकडे आणि क्लोराइड धन टोकाकडे सरकतो. दोघांच्या दिशा उलट असल्या तरी प्रभारही उलट असल्यामुळे त्यांचे परिणाम एकमेकांना छेदत नाहीत, त्यांची बेरीज होते. द्रावणातील धारेचा विचार करताना ही बेरीज विसरली जाते आणि वाहकांपैकी निम्मे हिशेबातून गळतात, म्हणून ती सुरुवातीलाच ठसवून घ्यावी.

खरी अडचण द्रव आणि विद्युत अग्र, म्हणजे द्रवात बुडवलेला वाहक, यांच्या सीमेवर आहे. इलेक्ट्रॉन पाण्यात उतरू शकत नाही आणि आयन तारेत शिरू शकत नाही. त्यामुळे प्रथम विद्युत अग्राच्या पृष्ठभागापाशी आयनांची गर्दी जमते. एका बाजूला धातूतील प्रभार आणि समोर आयनांचा थर असे हे दुहेरी आवरण कपॅसिटरसारखे वागते, आणि त्याची धारिता दर चौरस सेंटीमीटरला काही दहा मायक्रोफॅरड इतकी मोठी असते. विभवांतर पुरेसे असेल तर त्यानंतर पृष्ठभागावर रासायनिक अभिक्रिया सुरू होते आणि इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण तिच्यामार्फत होते. मल्टिमीटर रोध मोजताना एकाच दिशेची छोटी धारा सोडतो, म्हणून त्याच्या आकड्यात द्रावणाचा रोध, थराचे भरत जाणे आणि अभिक्रियेची अडखळ ही तिन्ही एकत्र मिसळलेली असतात. प्रोब उलटे केले की आधी भरलेला थर रिकामा होऊन उलट बाजूने भरू लागतो, म्हणून आकडा उडी मारतो.

यावर उपाय एकच आहे. गर्दी जमण्याआधीच धारेची दिशा बदलावी, म्हणजे प्रत्यावर्ती धारा वापरावी. एकोणिसाव्या शतकात फ्रीडरिश कोलराउश या जर्मन शास्त्रज्ञाने हाच मार्ग धरला आणि मोजमाप संतुलित झाले की नाही हे ओळखण्यासाठी टेलिफोनचा श्रवणी भाग कानाला लावला. आवाज क्षीण झाला की संतुलन साधले, अशी ती पद्धत होती. आपण फोन उलट कामाला लावणार आहोत : तो ऐकण्यासाठी न वापरता धारेचा उगम म्हणून वापरणार आहोत.

नळीची मांडणी

आतून १ सेंटीमीटर व्यासाची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी सुमारे २० सेंटीमीटर लांब कापून घ्यावी आणि ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पुठ्ठ्यावर दोऱ्याने पक्की बांधावी. विद्युत अग्रे म्हणून २ मिलिमीटर जाडीच्या, लाकूड नसलेल्या पेन्सिलीच्या शिशाच्या कांड्या घ्याव्यात. या कांड्यांना शिसे म्हणत असले तरी त्यात शिसे नसते, ते ग्रॅफाइट आणि माती यांचे मिश्रण असते, आणि आपल्याला हवे आहे ते ग्रॅफाइटच. नळीच्या दोन्ही तोंडांतून एकेक कांडी आत सोडावी, दोन्ही सुमारे २ सेंटीमीटर बुडतील असे पाहावे आणि त्यांच्या टोकांमध्ये द्रवाचा मार्ग नळीच्या वळणासह १० सेंटीमीटर राहील असे अंतर ठेवावे. द्रवाची पातळी आणि कांडीची खोली या दोन्हींवर मार्करने खूण करावी, कारण दर वेळी द्रव बदलल्यावर मांडणी हुबेहूब तीच राहणे हे कांड्यांच्या दर्जापेक्षाही महत्त्वाचे आहे. मगरपकडी (क्रोकोडाइल क्लिप) कांड्यांच्या कोरड्या टोकांनाच लावाव्यात, कारण पकडीचा धातू ओला झाला की तोही विद्युत अग्र बनतो.

स्टीलचे चमचे किंवा खिळे वापरण्याचा मोह टाळावा. एकदिश धारेत लोखंड गंजून पाणी तांबूस होते, आणि स्टेनलेस स्टीलमधून क्रोमियमची विषारी संयुगे द्रावणात उतरू शकतात. मिठाच्या पाण्यात एकदिश धारा सोडल्यास धन टोकाशी क्लोरीन वायूही सुटतो. आपल्या मोजमापात विभवांतर लहान आणि प्रत्यावर्ती असल्यामुळे यातील काहीच घडत नाही, परंतु कोणी नळीला सरळ ९ व्होल्टची बॅटरी जोडून पाहणार असेल तर खिडकी उघडी ठेवावी आणि प्रयोग एखाद्या मिनिटात थांबवावा. घरातील विजेच्या सॉकेटशी या मांडणीचा कोणत्याही प्रकारे संबंध येऊ देऊ नये.

आता मंडल. फोनच्या हेडफोन जोडणीतून, किंवा तशी जोडणी नसेल तर अडॅप्टरमधून, दोन तारा बाहेर काढाव्यात : एक डाव्या किंवा उजव्या वाहिनीची आणि एक सामाईक. एका तारेत १ किलोओहमचा रोधक मालिकेत घालून पुढे नळी जोडावी आणि नळीचे दुसरे टोक सामाईक तारेला जोडावे. हा रोधक केवळ मोजमापासाठी नाही, नळीच्या कांड्या चुकून एकमेकींना टेकल्या तर तो फोनचेही रक्षण करतो. फोनवर एकच स्वर वाजवणारे कोणतेही ॲप घेऊन ३०० हर्ट्झचा स्वर सुरू करावा आणि आवाज पूर्ण ठेवावा. ३०० हर्ट्झ यासाठी की साधे मल्टिमीटर ४०० हर्ट्झच्या वर प्रत्यावर्ती विभवांतर विश्वासाने मोजत नाहीत. आणखी एक खबरदारी : अनेक स्वस्त मीटरांवर प्रत्यावर्ती विभवांतराची सर्वांत लहान श्रेणी २०० व्होल्टची असते आणि तिच्यावर अर्धा व्होल्ट वाचणे म्हणजे धान्याच्या वजनकाट्यावर सोने तोलणे होय. मीटरवर २ व्होल्ट किंवा त्याहून लहान श्रेणी आहे याची आधी खात्री करावी.

पहिले मोजमाप

५.८४ ग्रॅम मीठ थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवून एकूण द्रावण बरोबर १ लीटर करावे. मिठाच्या एका मोलचे वस्तुमान ५८.४४ ग्रॅम असल्यामुळे हे ०.१ मोलर, म्हणजे लीटरला ०.१ मोल मीठ असलेले, द्रावण झाले. २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता सुमारे १०.७ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर असते (सीमेन्स हे ओहमच्या व्यस्ताचे एकक). तेच द्रावण नळीत भरून प्रथम रोधकाच्या दोन टोकांमधील आणि नंतर नळीच्या दोन कांड्यांमधील विभवांतर मोजावे. दोन्हींतून धारा तीच वाहते, म्हणून नळीचा रोध म्हणजे रोधकाचा रोध गुणिले नळीवरील विभवांतर भागिले रोधकावरील विभवांतर. समजा, रोधकावर ०.२५ व्होल्ट आणि नळीवर ०.३० व्होल्ट आढळले, तर नळीचा रोध १२०० ओहम झाला.

हा आकडा अपेक्षेशी ताडून पाहता येतो. १ सेंटीमीटर व्यासाच्या नळीचे छेदक्षेत्र ०.७८५ चौरस सेंटीमीटर असते. १० सेंटीमीटर लांबीला त्याने भागले की १२.७ येतात, आणि त्यास वाहकतेने भागले की रोध सुमारे ११९० ओहम येतो. प्रत्यक्षात कांडीच्या बाजूंनीही धारा द्रवात शिरते आणि ग्रॅफाइटचा स्वतःचाही थोडा रोध असतो, म्हणून तुमचा आकडा यापासून थोडा ढळेल. त्याची चिंता करू नये. ज्ञात वाहकतेच्या या द्रावणाचा मोजलेला रोध आणि त्याची वाहकता यांचा गुणाकार करून ठेवावा. तो तुमच्या नळीचा घटस्थिरांक. यापुढे कोणत्याही द्रावणाची वाहकता काढायची असेल तर घटस्थिरांकाला त्या द्रावणाच्या रोधाने भागणे एवढेच काम उरते. मात्र तो मीठ मोजण्यातल्या अचूकतेइतकाच अचूक असतो, म्हणून येथे चहाच्या चमच्याचा अंदाज चालणार नाही.

मोजमाप निर्मळ आहे की नाही याच्या दोन खुणा आहेत. रोधक आणि नळी यांवरील विभवांतरांची बेरीज दोघांवर मिळून मोजलेल्या विभवांतराएवढी असली पाहिजे. बेरीज ठळकपणे जास्त आली तर पृष्ठभागाचा थर कपॅसिटरसारखा मध्ये येत आहे असे समजावे. दुसरी खूण वारंवारतेची. स्वर १०० हर्ट्झवरून ४०० हर्ट्झवर नेला आणि नळीचा रोध जवळपास तोच राहिला, तर तुम्ही द्रावणच मोजत आहात. वारंवारता वाढताना रोध उतरत असेल तर कांड्या बारीक पॉलिशकागदाने खरखरीत कराव्यात किंवा अधिक खोल बुडवून घटस्थिरांक नव्याने काढावा.

या अर्ध्या व्होल्टच्या मोजमापात एक जुना वादही निकाली निघतो. मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये आयन हा शब्द रूढ केला. त्याचा ग्रीक अर्थ जाणारा. परंतु हे जाणारे कण विजेमुळेच तयार होतात अशी त्या काळची समजूत होती. स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ च्या आपल्या प्रबंधात असे मांडले की पदार्थ विरघळतानाच आयन सुटे झालेले असतात. परीक्षकांनी प्रबंधाला कमी दर्जाची श्रेणी दिली, आणि याच विचारासाठी त्यांना १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तुमच्या नळीवर पडणारे ०.३ व्होल्ट विभवांतर पाण्याच्या अपघटनासाठीसुद्धा अपुरे आहे, कारण त्याला किमान १.२३ व्होल्ट लागतात. तरीही नळीतून धारा वाहते, आणि ती फोनचा आवाज कमी केल्यावरही त्याच प्रमाणात वाहते. वाहक आधीच तयार असल्याखेरीज हे शक्य नाही.

पाणी वाढवून पाहणे

०.१ मोलर द्रावणातील १०० मिलिलीटर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने १ लीटर करावे. नळाचे पाणी येथे चालत नाही, कारण त्यातील क्षारांचे आयन या विरळ द्रावणाच्या तोडीचे असू शकतात. नळीचा रोध आता दहा किलोओहमच्या घरात जातो, म्हणून मालिकेतील रोधकही १० किलोओहमचा घ्यावा.

आयन दहा पटीने कमी झाले, तर रोध दहा पटीने वाढावा असे वाटते. प्रत्यक्षात तो सुमारे ९ पटच वाढतो, कारण २५ अंशांना ०.०१ मोलर मिठाच्या द्रावणाची वाहकता १.१८५ मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर असते, १.०६७ नव्हे. संख्या घटली, पण प्रत्येक आयन थोडा अधिक मोकळा झाला. दाट द्रावणात प्रत्येक सोडियमभोवती सरासरीने क्लोराइडचे प्राबल्य असलेले वातावरण असते, आणि सोडियम पुढे सरकू लागला की ते त्याला मागे ओढते. विरळ द्रावणात ही ओढ सैल पडते. दाटपणाच्या उलट दिशेने गेल्यास १ मोलर द्रावणाची वाहकता ०.१ मोलरच्या दहापट न होता साधारण आठपटच भरते.

आता हाच प्रयोग पांढऱ्या व्हिनेगरवर करावा, कारण या संपूर्ण मार्गदर्शकातील सर्वांत सुंदर निरीक्षण मला येथे वाटते. पाच टक्क्यांच्या व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल सुमारे ०.८ मोलर असते, म्हणजे आपल्या मिठाच्या आठपट दाट. तरीही त्याची वाहकता मिठाच्या द्रावणापेक्षा कितीतरी कमी निघते. या आम्लाचे फार थोडे रेणू आयनांमध्ये विभागलेले असतात. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात तर शंभरातील जेमतेम एक ते दीड. व्हिनेगर दहापट विरळ केले की वाहकता नऊ पटीने न उतरता तिपटीच्या आसपासच उतरते, कारण पाणी वाढताच आणखी रेणू फुटून नवे आयन पुरवतात. मिठात वाहकांची संख्या ठरलेली असते, आणि व्हिनेगरमध्ये ती पाण्याबरोबर हलते. एकाच नळीत, एकाच मीटरने, तीव्र आणि सौम्य इलेक्ट्रोलाइट, म्हणजे विरघळून आयन देणारे पदार्थ, यांच्यातील भेद असा आकड्यात दिसतो. साखरेचे द्रावण भरून पाहिल्यास ऊर्ध्वपातित पाण्यात आणि त्यात फारसा फरक दिसणार नाही, कारण साखर विरघळते पण आयन देत नाही.

तापमानाकडे दुर्लक्ष केले तर वरील सर्व आकडे बिघडतात. द्रावणांची वाहकता दर अंशाला साधारण २ टक्क्यांनी वाढते. यू नळी ४५ अंशांच्या पाण्यात बसवून दहा मिनिटांनी मोजल्यास रोध २५ अंशांच्या रोधाच्या सुमारे सत्तर टक्क्यांवर आलेला दिसेल. तांब्याच्या तारेचे याच्या नेमके उलट होते, तापवल्यावर तिचा रोध वाढतो. तारेत अणूंची थरथर इलेक्ट्रॉनांच्या वाटेत येते, तर द्रावणात ऊष्णतेमुळे पाण्याची चिकटाई कमी होऊन आयनाची वाट सोपी होते.

आयन किती वेगाने चालतात

दर सेंटीमीटरला १ व्होल्ट अशा विभवांतरात पाण्यातील सोडियम आयन सेकंदाला सुमारे ५ मायक्रोमीटर सरकतो, म्हणजे तासाभरात २ सेंटीमीटरही नाही. पोटॅशियमचा वेग त्याच्या जवळपास दीडपट असतो. लिथियम या तिघांत सर्वांत लहान असूनही सर्वांत मंद आहे, कारण लहान आकारामुळे त्याचा प्रभार एकवटलेला असतो आणि तो पाण्याचे रेणू स्वतःभोवती घट्ट धरून ते सारे ओझे ओढत चालतो. हायड्रोजन आयन मात्र सोडियमच्या सातपट वेगवान असतो. तो स्वतः धावतच नाही. एका रेणूवरचा प्रोटॉन शेजारच्या रेणूकडे, त्याच्यावरचा दुसरा प्रोटॉन पुढच्या रेणूकडे, असा प्रभार हातोहात पुढे जातो. या कल्पनेचे मूळ थिओडोर ग्रोटहुस यांच्या १८०६ मधील लेखनात आहे. आम्लांची द्रावणे इतकी सुवाहक का असतात याचे उत्तर यात आहे.

ही चाल डोळ्यांनी पाहता येते. काचेच्या पट्टीवर गाळणकागदाची ५ सेंटीमीटर लांब पट्टी ठेवून ती नळाच्या पाण्याने भिजवावी, मध्यभागी पोटॅशियम परमँगनेटचा एक बारीक स्फटिक चिमट्याने ठेवावा, आणि पट्टीच्या दोन टोकांना मगरपकडींनी ९ व्होल्टची बॅटरी जोडावी. जांभळा डाग प्रथम चहूकडे पसरतो, पण दहा मिनिटांत त्याची धन टोकाकडील कड काही मिलिमीटरने पुढे गेलेली दिसते. तो रंग परमँगनेट या ऋण आयनाचा आहे. सोबतचा पोटॅशियम उलट दिशेने गेला, परंतु त्याला रंग नसल्यामुळे त्याचे जाणे दिसत नाही. परमँगनेट हाताला लागू देऊ नये, त्याचा डाग अनेक दिवस जात नाही.

आयन इतके मंद असतील तर बॅटरी जोडताच दिवा कसा लागतो, असा प्रश्न येथे हमखास येतो. एका टोकाचा आयन दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचण्याची वाट कोणीच पाहत नाही. विद्युत क्षेत्र संपूर्ण मार्गावर जवळजवळ तत्क्षणी प्रस्थापित होते आणि मार्गावरील सगळे आयन आपापल्या जागेवरून एकाच वेळी पाऊल उचलतात.

सेल बांधणे आणि त्याचा अंतर्गत रोध

आतापर्यंत धारा बाहेरून येत होती. आता ती आतून निर्माण करू. दोन काचेच्या पेल्यांपैकी एकात १०० मिलिलीटर पाण्यात १२.५ ग्रॅम स्फटिकी कॉपर सल्फेट विरघळवून तांब्याची पट्टी ठेवावी आणि दुसऱ्यात तेवढ्याच पाण्यात १४.४ ग्रॅम स्फटिकी झिंक सल्फेट विरघळवून जस्ताची पट्टी ठेवावी. कॉपर सल्फेट विषारी आहे, म्हणून हे पेले पुन्हा पिण्यासाठी वापरू नयेत. दोन पट्ट्यांना मीटर लावला तरी पेले वेगळे असेपर्यंत अर्थपूर्ण विभवांतर मिळत नाही. टीपकागदाची १ सेंटीमीटर रुंद पट्टी पोटॅशियम नायट्रेटच्या दाट द्रावणात भिजवून तिची टोके दोन पेल्यांत सोडली की मीटर १.१ व्होल्टच्या जवळ येतो.

हा क्षारसेतू काय करतो हे नीट पाहावे. जस्त इलेक्ट्रॉन तारेत सोडून आयनरूपाने द्रावणात उतरते, त्यामुळे त्या पेल्यात धनप्रभार वाढू पाहतो. तांब्याच्या पेल्यात आयन इलेक्ट्रॉन घेऊन पट्टीवर बसतात, तेथे सल्फेटचा ऋणप्रभार उरू पाहतो. या असमतोलाचा अत्यल्प अंशही अभिक्रिया जागीच रोखण्यास पुरेसा असतो. सेतूतून नायट्रेट जस्ताकडे आणि पोटॅशियम तांब्याकडे जाऊन तो असमतोल भरून काढतात. बाहेर तारेतून जेवढा प्रभार जातो, तेवढाच आतून आयनांना न्यावा लागतो.

शब्दांबद्दल एक सूचना. पाठ्यपुस्तकांत ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. विद्युत अपघटनात ते बरोबर आहे, पण धारा देणाऱ्या सेलमध्ये जस्त हे ॲनोड असूनही ऋण टोक असते. त्यामुळे सेलविषयी बोलताना ॲनोड म्हणजे जेथे ऑक्सिडीकरण होते, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटतात, ते आणि कॅथोड म्हणजे जेथे क्षपण होते, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतले जातात, ते, एवढेच लक्षात ठेवावे आणि चिन्ह मीटरवरून वाचावे.

आता सेलवर भार न लावता विभवांतर मोजावे, नंतर १ किलोओहमचा रोधक लावून पुन्हा मोजावे. दोन्ही आकड्यांतील फरक भारासह मिळालेल्या विभवांतराने भागून रोधकाच्या मूल्याने गुणला की अंतर्गत रोध मिळतो. उदाहरणार्थ, भाराशिवाय १.०८ आणि भारासह ०.७२ व्होल्ट आले, तर अंतर्गत रोध ५०० ओहम. यानंतर पहिल्या सेतूशेजारी तसाच दुसरा सेतू ठेवावा. धातूच्या पट्ट्या त्याच, द्रावणे तीच, पण अंतर्गत रोध निम्म्याच्या जवळ उतरतो. यावरून या सेलची खरी चिंचोळी वाट कोणती हे सिद्ध होते : धातू नव्हे, धातूवरील अभिक्रियाही नव्हे, तर आयनांचा मार्ग. मोठ्या पट्ट्या बसवून हा सेल सुधारण्याचा प्रयत्न बहुतेक जण करतात आणि निराश होतात.

खर्चाचा हिशेबही सोपा आहे. १ मिलिअँपिअर धारा १० तास वाहिली की ३६ कूलोम प्रभार जातो. एका मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम आणि जस्ताच्या प्रत्येक अणूमागे दोन इलेक्ट्रॉन, यावरून सुमारे १२ मिलिग्रॅम जस्त झिजते.

लिथियमच्या सेलमध्ये तेच गणित

लिथियम-आयन सेलमध्ये पाणी चालत नाही, कारण ३.६ व्होल्टच्या आसपासच्या विभवांतरात ते टिकत नाही आणि लिथियमशी त्याचे जमत नाही. म्हणून लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट हा क्षार एथिलीन कार्बोनेट आणि तत्सम सेंद्रिय द्रवांच्या मिश्रणात साधारण १ मोलर प्रमाणात विरघळवतात. या इलेक्ट्रोलाइटची वाहकता सुमारे १० मिलिसीमेन्स प्रति सेंटीमीटर असते. म्हणजे तुमच्या यू नळीतील मिठाच्या पाण्याएवढीच.

मग त्या सेलमधून काही अँपिअर धारा कशी निघते? उत्तर रसायनात नाही, भूमितीत आहे. नळीत आयनांचा मार्ग १० सेंटीमीटर लांब आणि ०.७८५ चौरस सेंटीमीटर रुंद होता. सेलमध्ये दोन विद्युत अग्रांमधील सच्छिद्र पडदा २० मायक्रोमीटरच्या आसपास जाड असतो, आणि गुंडाळलेल्या पट्ट्यांचे समोरासमोरचे क्षेत्रफळ काही शे चौरस सेंटीमीटर भरते. ५०० चौरस सेंटीमीटर धरले तर केवळ आकारामुळे रोध नळीच्या सुमारे तीस लाखावा भाग होतो. १२०० ओहमचे अर्ध्या मिलिओहमपेक्षाही कमी होतात. पडद्याच्या छिद्रांतील वाकडीतिकडी वाट हा आकडा काही पटींनी वाढवते, तरीही तो मिलिओहममध्येच राहतो. हा अतिपातळ पडदा फाटला तर काय होईल हे यावरूनच समजते, म्हणून असा सेल कधीही उघडू किंवा टोचू नये. हा भाग कागदावरच शिकावा.

येथे एक फरक मात्र नळीत दिसला नव्हता. द्रवात लिथियम आणि हेक्झाफ्लोरोफॉस्फेट दोन्ही सरकतात, परंतु विद्युत अग्रांत आतबाहेर करतो तो एकटा लिथियम. धारेतील त्याचा वाटा साधारण एकतृतीयांश असतो, उरलेला ऋण आयनाचा. ऋण आयनाला दुसऱ्या टोकाला शिरण्याचे दार नसल्यामुळे तो एका बाजूला साचतो आणि दुसरीकडे क्षार विरळ होतो. धारा वाढवत नेली तर हा उतार अधिक तीव्र होतो, आणि एका अग्रापाशी क्षार जवळपास संपला की त्यापुढे धारा वाढत नाही. थंडीत द्रव चिकट होतो, उतार लवकर तीव्र होतो आणि लिथियमचा ऋण अग्रातील ग्रॅफाइटमध्ये शिरण्याचा वेगही मंदावतो. म्हणून शून्य अंशाखाली जलद चार्ज केल्यास लिथियम आत न शिरता पृष्ठभागावर धातूच्या रूपात बसण्याचा धोका असतो.

तयार सेलवर ही दोन कामे, म्हणजे रोध आणि साचणे, वेगळी ओळखता येतात. त्यासाठी लिथियमऐवजी साधा नवा अल्कलाइन पेन्सिल सेल घ्यावा. त्यातील पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दाट द्रावण लिथियमच्या द्रवापेक्षा सुमारे पन्नासपट सुवाहक असते. मीटर एकदिश विभवांतराच्या लहान श्रेणीवर ठेवून सेलला १० ओहमचा, किमान अर्ध्या वॅटचा रोधक लावावा. जोडता क्षणी विभवांतरात जी उडी खाली येते, ती आयनांच्या आणि इतर मार्गांच्या रोधाची. त्यानंतर दोनतीन मिनिटे आकडा जो हळूहळू उतरत राहतो, तो बव्हंशी द्रवातील आणि अग्रांतील साचण्याचा. रोधक काढला की आधी तेवढीच उडी वर जाते आणि मग आकडा सावकाश चढतो, कारण साचलेले आयन पुन्हा पसरायला वेळ घेतात. हाच सेल घट्ट बंद पिशवीत घालून तासभर फ्रिजमध्ये ठेवावा आणि बाहेर काढताच पुन्हा मोजावा. पहिली उडी आधीपेक्षा मोठी आलेली दिसेल. सेल खोलीच्या तापमानाला आल्यावर पुन्हा मोजल्यास ती जवळपास पूर्वीएवढी होते, मात्र मधल्या मोजमापांत रोधक लावून ठेवलेला वेळ दर वेळी सारखाच असला पाहिजे.